मदत हवी आहे: जाड इंडिगो वर्कशर्ट गरम पाण्यात घालू का? खांदा आत्ताच नेमका बसतोय

मंडळी, कापडातलं कळणाऱ्यांनी जरा सल्ला द्या.

इंडिगोत रंगवलेल्या सुताचा जाड वर्कशर्ट घेतलाय. कापड चौरस यार्डाला १२ औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. पॅन्ट शिवली तरी चालेल इतकं जाड. लेबलवर ‘अनसॅन्फोराइज्ड’ (कारखान्यात आधी न आटवलेलं) असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे आटणार हे ठरलेलंच. अजून पाणी लागू दिलेलं नाही. खळ इतकी आहे की बाही दुमडली की दुमडलेलीच राहते.

सपाट ठेवून घेतलेली मापं (इंचात): छाती काखेपासून काखेपर्यंत २३½, खांदा १८¼, बाही २६½, पाठीची उंची ३१.
अंगाला नीट बसणाऱ्या जुन्या शर्टाची: छाती २२, खांदा १८, बाही २४½, उंची २८½.

म्हणजे बाही आणि उंची दोन-अडीच इंच कमी व्हायला हवी, छातीही थोडी. पण खांदा मात्र आहे तसाच राहायला हवा. गरम पाण्यात घातला तर सगळंच सारख्या प्रमाणात आटेल का? फक्त बाह्या भिजवल्या तर चालेल का? की न आटवता सरळ शिंप्याकडे देऊ? रंगासाठी पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घालायला सांगतात, त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १
उकळतं पाणी ओता, तासभर ठेवा, अंगावर वाळवा. फार विचार करू नका.

धागाकर्ता
खांदा १७ वर आला तर तो शर्ट कोणाला देऊ तेही सांगा. :)

प्रतिसाद २
सारख्या प्रमाणात आटणार नाही, आणि तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे.

विणताना उभे धागे मागावर ताणून धरलेले असतात, आडवे तितके नसतात. कापड भिजलं की सूत फुगतं, ताण सुटतो आणि उभा धागा आखडतो. कारखान्यात कापड आधीच दाबून आखडवून घेतात, त्याला सॅन्फोरायझिंग म्हणतात. सॅन्फर्ड क्लुएट यांनी ते काढलं, पेटंट १९३० चं. तसं केलेलं कापड घरी एक-दोन टक्के आटतं. तुमचं कोरं आहे, तेव्हा उभ्यात सात ते दहा टक्के धरा आणि आडव्यात दोन ते चार.

मधला आकडा घेऊन हिशेब करा. उंची ३१ ची साधारण २८½ होईल. बाही २६½ ची २४½ च्या आसपास. दोन्ही तुम्हाला हवं तिथेच. छाती आडव्यात आहे, ती जेमतेम २२¾ पर्यंत येईल. त्यामुळे छातीसाठी आटण्यावर भिस्त ठेवू नका.

आता खांदा. बऱ्याच शर्टांत पाठीच्या वरची खांद्याची पट्टी, म्हणजे योक, आडवी कापलेली असते. उभा धागा एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जातो, कारण त्या दिशेला कापड कमी ताणतं. तशी असेल तर खांदा उंचीच्याच हिशेबाने आटेल, १७ च्याही आत जाईल. सरळ कापलेली असेल तर १७¾ च्या आसपास थांबेल. हे बघितल्याशिवाय शर्टाला पाणी लावू नका.

धागाकर्ता
हे माहीत नव्हतं. कळणार कसं? योकला आतून अस्तर आहे, धागे दिसत नाहीत.

प्रतिसाद २
बाहेरूनच बघा. कापड ट्विल विणीचं असेल तर पृष्ठभागावर बारीक तिरप्या रेघा दिसतील. शर्ट उजेडात सपाट पसरा. पाठीवर रेघ कुठल्या बाजूला झुकलीय आणि योकवर कुठल्या, एवढं ताडून पाहा. दोन्हीकडे एकाच बाजूला झुकली असेल तर योक सरळ कापलाय. उलट बाजूला झुकली असेल तर काटकोनात फिरवून कापलाय. कॉलरची पट्टी आणि कफही असेच तपासा.

प्रतिसाद ३
रंगाबद्दल. मीठ-व्हिनेगरने काही होत नाही. इंडिगो मुळात पाण्यात विरघळतच नाही. अल्कली घातलेल्या पाण्यात त्याचं क्षपण केलं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन दिले, की निळेपणा जाऊन तो विरघळतो, सूत त्यात बुडवून वर काढलं की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळा होऊन वरच्या थरात अडकतो. जाड सुताचा गाभा पांढराच राहतो. वरवरचा सुटा रंग आहे तो निघणार, तुम्ही पाण्यात काहीही घाला. पहिलं पाणी गडद निळं झालं तर घाबरू नका. शर्ट उलटा करा, एकटाच भिजवा. साबण नकोच, ब्लीच तर अजिबात नको.

आणि बादलीत कोंबू नका! कोरं कापड चुरगळलेलं भिजलं तर घडीच्या कडांवरचा रंग आधी जातो, मग पाठभर फिकट रेघा. त्या पुढे जात नाहीत. टब घ्या, शर्ट पसरून बुडवा, आतली हवा हाताने दाबून बाहेर काढा.

धागाकर्ता
पाहिलं. पाठीवर रेघ उजवीकडे चढते, योकवर डावीकडे. म्हणजे आडवाच कापलाय. कॉलरची पट्टीही तशीच, पण वरचं बटण मी लावत नाही, ती आटली तरी हरकत नाही. आता काय करू? खांदा वाचवायचा आहे.

प्रतिसाद २
मग टप्प्याटप्प्याने जा. आधी अख्खा शर्ट गार पाण्यात तासभर. नुसत्या गार पाण्यातही कोरं कापड बरंच आटतं. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि ओला असतानाच योक दोन्ही हातांनी आडवा ताणा. झटका देऊन नव्हे, सावकाश, वीतभर अंतराने पकडत. दोन्ही खांद्यांच्या शिवणीमधलं अंतर टेपने १८¼ भरलं की सपाट पसरून वाळवा. हँगरला टांगू नका. हे कापड ओलं असताना भलतंच जड होतं, स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं आणि उंचीचं माप खोटं येतं.

पूर्ण वाळल्यावर पुन्हा चारही मापं घ्या. बाही अजून लांब असेल तरच गरम पाणी. फक्त बाह्या भिजवायच्या असतील तर कोरड्या शर्टाच्या भिजवू नका, पाणी जिथवर चढेल तिथे रेघ उमटेल. अख्खा शर्ट पुन्हा गार पाण्यातून काढायचा आणि मग बाह्या व खालचा घेर ६० अंशांच्या पाण्यात सोडायचा. मुंढा (बाही जोडलेली जागा) आणि योक गरम पाण्याबाहेर. बाह्यांचा रंग पाठीपेक्षा किंचित जास्त उतरेल, तेवढं सोसावं लागेल.

ड्रायर असला तरी त्याच्या नादी लागू नका. उष्णता आणि आपटणं मिळून उरलंसुरलंही आटतं, आणि योकला तिथे कोणी ताणून धरत नाही.

प्रतिसाद १
एवढा उपद्व्याप एका शर्टासाठी?

प्रतिसाद ४
मी शिवणकाम करते, म्हणून हे म्हणते. आटवायच्या आधी शिंप्याकडे अजिबात नेऊ नका. आज नेमकी घेतलेली छाती पाण्यातून आल्यावर काचेल. आधी पाणी, मग टेप, मग कात्री.

बगलेची शिवण बघा. वर्कशर्टांत ती बहुतेक दुमडून दोन किंवा तीन टिपा मारलेली असते, आतल्या कडाही दुमडीत गेलेल्या. ती काखेपासून खालपर्यंत उसवून पुन्हा तशीच घालायला जड कापडाला चालणारं मशीन लागतं. शिवाय काही महिने वापरल्यावर उसवली तर जुन्या टिपांच्या जागी गडद पट्टा दिसतो, कारण तिथला रंग झिजलेला नसतो. छाती कमी करायचीच असेल तर आटवून झाल्यावर लगेच करा, वापरून नव्हे. पण तुमची २२¾ येणार असेल तर मी हात लावणार नाही. जाड कापडाला पाऊण इंच सैल हवंच, हात पुढे घेताना पाठीत ओढत नाही.

शिवणी जरा आखडून चुण्या पडतील, तेही सांगून ठेवते. दोरा पॉलिएस्टरचा असला तर तो आटत नाही, कापड आटतं. काहींना तेच आवडतं. इस्त्रीने पूर्ण जात नाहीत.

धागाकर्ता
चुण्या चालतील. कफचं राहिलं, तेही आडवे कापलेत. मनगटाला आत्ता दोन बोटं जातात.

प्रतिसाद ४
मग कफ गरम पाण्यात घालू नका. हाताला धरून वर ठेवा आणि बाहीचा मधला भागच बुडवा. तरी घट्ट झाले तर बटण पुढे सरकवता येतं, कफवर तेवढी जागा असते.