कापडी पिशवीनं सोलापूरचा पारा उतरत नसतोय

होटगी रोडवाला: परवा जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी इथं लिहिलं, "मी माझा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे माझ्या वापरापायी किती कार्बन हवेत जातो तो हिशेब, मोजला, बांबूचा ब्रश आणि कापडी पिशवी घेतली. प्रत्येकानं एवढं केलं तर मे महिन्यात पारा 44 ला जाणार नाही." डोकंच फिरलं. कार्बन काय शहराच्या हद्दीत थांबतो का? शहराबाहेर 1320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र वाघिणीच्या वाघिणी कोळसा खातंय आणि आम्ही ब्रश बदलायचा! स्वतःचा फूटप्रिंट मोजायची ही टूम घरोघरी पोचवली कुणी? बीपी या तेल कंपनीनं, 2004-05 च्या सुमारास जाहिराती करून. तेल विकणार ते, हिशेब आम्ही द्यायचा. सरासरी भारतीय वर्षाला जेमतेम 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन त्याच्या सातपट. उपदेश तिकडं करा.

जुळे सोलापूर: ती ताई मीच. सरासरी कुणाला सांगता मालक? मागावर उभा राहणारा कामगार आणि होटगी रोडचा दोन एसीवाला बंगला, दोघं एकाच सरासरीत? दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिट. युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पेट्रोल लिटरला 2.3 किलो. एसीची एक रात्र म्हणजे जवळजवळ तीन लिटर पेट्रोल. ब्रशवर हसा खुशाल, बिल काढा आधी.

अशोक चौक: केंद्राची वीज ग्रिडमध्ये जाते, सगळी सोलापूरला नाही. जो वापरतो त्याच्या नावावर तो कार्बन. आमच्या वाट्याला धूर. आणि केंद्राला पाणी कुठलं? उजनीचंच.

पेठेतली: उजनीचं नाव काढलंत म्हणून सांगते. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड, तेही रात्री अडीचला. नळ सुटला की अख्खी गल्ली मोटरी लावते. शेजारच्यांनी एक एचपीची बसवली, आमच्या नळातनं नुसती फसफस. मग आम्हीपण बसवली. आता समोरचा दीड एचपीची बघतोय. ह्याचा कार्बन कुणाच्या नावावर मांडू?

जुळे सोलापूर: नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे.

पेठेतली: या की मग अडीचला घागर घेऊन. हातपंप दाखवते, तोही कोरडाच आहे.

अशोक चौक: टँकर विसरलात. डिझेल लिटरला 2.7 किलो. वरनं टँकरवाला पाईप टाकायचे पैसे वेगळे मागतो!

पेठेतली: आणि आधी अपार्टमेंटला, मग आम्हाला. बोलायचंच नाही.

चादर-टॉवेल: पाण्यावरनं उतरा आता. सूत रंगवायला बॉयलर इथं पेटतो, टॉवेल जातो परदेशी. अंग पुसणार तो आणि शिव्या खाणार आम्ही?

होटगी रोडवाला: हेच म्हणतोय मी!

जुळे सोलापूर: नाही, हे तुमच्या उलट आहे. वस्तू वापरणाऱ्याच्या नावावर धरायची, तर एसीपण वापरणाऱ्याच्याच नावावर. गच्चीवर सोलर बसवायच्या सरकारी सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे. दिवसाला सरासरी 12 युनिट धरले तरी वर्षाचे 3 टन कार्बन वाचतात. एवढं ऊन फुकट पडतंय, तुमच्याकडं गच्चीपण आहे.

पेठेतली: गच्ची असणाऱ्यांनी गच्ची असणाऱ्यांना सांगावं. आमचे घरमालक वाळवण घालू देत नाहीत, सोलर कुठलं बसवू देतात! महिन्याला एक गॅस, त्याचे 42 किलो. तेवढं मांडा आमच्या नावावर आणि सोडा.

जुळे सोलापूर: तुमच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते मी.

पेठेतली: "प्रत्येकानं" लिहिलंत की.

होटगी रोडवाला: बरं, बिल काढलं. मे महिन्याचे 620 युनिट, गुणिले 0.7, म्हणजे 434 किलो. झालं समाधान? त्यातला एक एसी सासूबाईंच्या खोलीतला आहे, तो मी धरणार नाही. सोलरवाल्याचा नंबर पाठवून ठेवा. बसवीनच असं नाही.