'श्याओ'ला मराठीत काय म्हणावं?

एका चिनी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'श्याओ' हा शब्द पदोपदी येतो. आईवडिलांशी मुलांनी कसं वागावं, याबद्दलचं हे कन्फ्यूशियसच्या परंपरेतलं मूल्य. कोशात 'पितृभक्ती' दिसतं, पण त्यात आई गळते. 'मातृपितृभक्ती' जिभेला जड. दुसरं काही सुचतंय का?

— पांग फेडणे! नाम हवं असेल तर अडचण आहे, पण याच्या इतकं जवळचं मला तरी दुसरं आठवत नाही.

— 'पांग' झकास, पण ते फेडले की मोकळं. श्याओ माणूस गेल्यावरही सुटत नाही. सुतकात घालायच्या कपड्यांनाही चिनीत श्याओच म्हणतात. अक्षरही बघा: वर 'म्हातारा'चा अर्धा भाग, खाली 'मूल'. पोराने म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतल्यासारखं. (उच्चार करताना आवाज वरून खाली टाका. खाली नेऊन वर उचललात तर 'लहान' असा अर्थ होईल!)

— बोलताना लोक 'श्याओशुन' जास्त म्हणतात. 'शुन' म्हणजे कलाने घेणं, ऐकणं. तरुणांना नेमकं तेच जाचतं. खुद्द कन्फ्यूशियसचा भर मात्र आदरावर आहे. तो म्हणतो, हल्ली श्याओ म्हणजे आईबापांना पोसणं एवढंच समजतात. कुत्र्या-घोड्यांनाही आपण पोसतोच की, मग आदर नसेल तर फरक काय राहिला?

— आदर कायद्याने कसा येणार? चीनमध्ये १ जुलै २०१३ पासून ज्येष्ठांच्या कायद्यात कलम आलं: वेगळं राहणाऱ्यांनी म्हाताऱ्यांना वरचेवर भेटावं किंवा त्यांची ख्यालीखुशाली विचारावी. त्याच दिवशी वूशीच्या कोर्टाने एका मुलीला बजावलं, ७७ वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून निदान एकदा भेटायला जा. मुलंही काय करतील म्हणा. 'एक मूल' धोरणामुळे एकुलता एक आणि एकुलती एक यांचं लग्न झालं, की दोघांच्या माथी चार म्हातारे. शिवाय नोकरी हजार किलोमीटरवर.

— उलटा शब्दही नोंदवून ठेवा: 'खनलाओ', म्हणजे म्हाताऱ्यांना कुरतडणं. कमावत्या वयातही आईबापांच्या जिवावर जगणाऱ्यांसाठी. आपलं 'आयतं खाणं' त्यापुढे फारच मवाळ.

— सगळ्यांचे आभार. नाम असेल तिथे 'श्याओ' तसाच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देईन. 'श्याओशुन मुलगी'ला 'गुणाची पोर' चालेल, त्यात ऐकणंही आपसूक येतं. आणि 'कुरतडणं' तर मी सोडणारच नाही.