पोखरण १९९८ : उपग्रह ‘आंधळे’ झाले म्हणे!

मरुस्थळ
पोखरणच्या अणुचाचणीचा ११ मे जवळ आला की तोच मेसेज फिरतो : ‘जवानांनी रात्री खोदलं म्हणून अमेरिकेचे उपग्रह आंधळे झाले.’ कृपा करून हे थांबवा. तेव्हा अमेरिकेकडे रडारवाले लॅक्रॉस उपग्रह होते. त्यांना अंधार आणि ढग सारखेच. रात्रपाळीचं महत्त्व सकाळी होतं. लष्कराची ५८ इंजिनिअर रेजिमेंट उजाडायच्या आत प्रत्येक यंत्र आदल्या दिवशीच्याच जागी नेऊन उभं करायची. उपसलेली वाळू वाऱ्याच्या दिशेनं टेकड्यांसारखी उतरती करायची, केबलींवर वाळू आणि झुडपं. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला तर फरक दिसता कामा नये, एवढाच हिशेब. शिकवलं कुणी? डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेचे राजदूत विस्नर यांनी दिल्लीत उपग्रहचित्रं पुढे केली. चाचणी बारगळली, पण आपलं काय पकडलं जातं ते उघड झालं.

त्रिज्या
सगळं श्रेय वाळूला देऊ नका. चाचणी आधी का कळली नाही याच्या अमेरिकेतल्या चौकशीनं, जून १९९८ मध्ये ॲडमिरल जेरेमाया यांच्या, मुख्य दोष मानसिकतेचा काढला : भारतातलं नवं सरकार आपल्यासारखाच विचार करेल, असं अमेरिकी विश्लेषक धरून चालले. भाजपच्या जाहीरनाम्यात अण्वस्त्रांचा मुद्दा छापलेला होता, तोही कुणी मनावर घेतला नाही.

मरुस्थळ
मग १९९५ ला कसं पकडलं? तेव्हाही माणसं तीच होती. १ मेच्या पहाटे ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रातून (बीएआरसी) बॉम्बचे भाग घेऊन ट्रक सांताक्रूझ विमानतळावर आले, तिथून एएन-३२ विमानानं जैसलमेर. कुणाला कळलं?

भूकंपलेख
चाचणीआधीची गुप्तता समजते. नंतरची का? ‘व्हाइट हाउस’ नावाच्या शाफ्टमधल्या (चाचणीच्या खोल विहिरीतल्या) थर्मोन्यूक्लिअर म्हणजे हायड्रोजन बॉम्बची क्षमता ४५ किलोटन म्हणून सांगितली. २००९ मध्ये शास्त्रज्ञ संथानम, जे स्वतः तिथे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेतर्फे होते, म्हणाले की ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. शाफ्टच्या तोंडावरचा सांगाडा, ए-फ्रेम, स्फोटानंतरही जागेवर उभी राहिली.

त्रिज्या
आला हा विषय! ‘व्हाइट हाउस’ २०० मीटरहून खोल, साध्या अणुबॉम्बचा ‘ताजमहाल’ शाफ्ट १५० च्या वर. खोली वेगळी, खडक वेगळा, मग खड्डाही वेगळाच पडणार. दोन्ही एकाच वेळी उडवले, मध्ये अंतर साधारण एक किलोमीटर. दोघांच्या भूकंपलहरी एकमेकींत मिसळल्यावर परदेशातल्या भूकंपनोंदींवरून ठाम आकडा काढता? स्फोटाच्या जागच्या खडकात उरलेल्या किरणोत्सारी अवशेषांच्या तपासणीतून (रेडिओकेमिस्ट्री) बीएआरसीनं ५० किलोटन दिले, १० इकडेतिकडे. ते वाचलंत?

भूकंपलेख
वाचलंय, म्हणूनच बोलतोय! त्या हिशेबातली काही मूळ मापं बाहेर आलीच नाहीत. ज्यांनी बॉम्ब बनवला त्यांनीच तपासायचा आणि आम्ही मान डोलवायची?

त्रिज्या
अवशेषांचं प्रमाण छापलं की जाणकार त्यावरून रचना ओळखतो. ते कुठलाही देश छापत नाही, आणि छापूही नये.

भूकंपलेख
ठीक, छापू नका, हे मान्य करावंच लागेल. पण बीएआरसीबाहेरच्या पाच-सहा जाणकारांना बंद खोलीत ते आकडे दाखवायला काय हरकत होती? संथानम यांनीही स्वतंत्र तपासणीच मागितली होती. त्याचं उत्तर द्या, लहरींचं नको.