घर बघावं ते आषाढात

वर एकांनी लिहिलंय की दसऱ्याला ऑफर असतात, तेव्हाच घर घ्यावं. नवीन बांधकामाचं ठीक आहे, पण रीसेल फ्लॅट असेल तर माझं मत: बघायला भर पावसात जा. कोथरूडला एक फ्लॅट आम्ही मे महिन्यात पाहिला, एकदम चकाचक. टोकन द्यायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, जरा थांबू. जुलैत परत गेलो तर बेडरूमच्या खिडकीखाली रंगाला फोड आलेले, कपाट उघडलं की कुबट वास, आणि गच्चीलगतच्या भिंतीवर नकाशासारखी ओल. मालक म्हणाले, "यंदा पाऊस जास्त आहे हो." पाऊस नुकता सुरू झाला होता!

भाव करायला पितृपक्ष उत्तम. गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे विकणारा जरा ऐकून घेतो. टोकन घटस्थापनेला द्या, म्हणजे घरातली वडीलधारी मंडळीही खूश.

विकायचं असेल तर मात्र फेब्रुवारी-मार्च. मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात लोकांना सामान हलवायचं असतं. शिवाय रेडी रेकनरचे दर (म्हणजे मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी सरकारने ठरवलेले घर-जमिनीचे दर) बदलले तर ते साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात, म्हणून मार्चअखेर नोंदणी कार्यालयात झुंबड असते. अर्थात २०२० सारखं वर्ष आलं तर ऋतूबितू विसरा. तेव्हा सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं होतं. ६० लाखांच्या घरावर सरळ १ लाख ८० हजार वाचत होते.