मागचा वायपर काचेच्या मध्येच थांबलाय

गुरुवार

बी-४०३: नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. गाडीबद्दल विचारायचं होतं. आमची २०१२ ची सात सीटर डिझेल, निळी, खांब क्र. १४ जवळ उभी असते ती. रविवारी ताम्हिणी घाटातून येताना मागचा वायपर काचेच्या मध्ये उभा राहिला तो राहिलाच. आवाजही येत नाही. गॅरेजवाल्याने मीटर लावून बघितलं आणि मोटर जळाली म्हणाला. नवीन मोटर ७,२०० आणि मजुरी वेगळी, शिवाय मागवायला आठ दिवस. गौरी-गणपतीला महाडला माहेरी जायचंय, मुलं आणि सासूबाई बरोबर आहेत. कुणाला असा अनुभव आहे का?

सी-१०५: उंदीर! माझ्या गाडीच्या वायरी गेल्या पावसाळ्यात कुरतडल्या होत्या. बॉनेट उघडून बघा आधी.

ए-५०४: ताई, माझीही मोटर गेली होती. दुसरी कंपनी, पण एसयूव्हीच. नवीन बसवली आणि साडेतीन महिन्यांत तीही बंद. आता तशीच चालवतोय.

डी-२०१: मागच्या वायपरवाचून काही अडत नाही. माझ्या सेडानला तो नाहीच, दहा वर्षं चालवतोय.

बी-४०३: दादा, रविवारी ताम्हिणीत मागून ट्रक येतोय हे फक्त हॉर्नवरून कळत होतं. काच पूर्ण लाल चिखलाने भरली होती.

ई-३०१: सर्वांना विनंती, उद्या स. १० ते १२ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवावे.

ए-१०२ काका: आत्ता बघितलं. डी-२०१, सेडानचं वेगळं असतं. तिची मागची काच तिरपी असते, वारा तिच्यावरून घसरत जातो आणि काच बरीचशी आपोआप स्वच्छ राहते. एसयूव्हीची पाठ उभी कापलेली. छपरावरून आलेला वारा तिथे सुटतो, मागे भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल उलटा ओढून काचेवर मारतो. घाटात हिला वायपर पाहिजेच.

ए-१०२ काका: आता बी-४०३. मोटर मागवू नकोस, थांब. माझे काही प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं दे, मग बोलू. फ्यूज बघितला का? नंबर प्लेटचा दिवा लागतो का? काचेवरचा तिसरा ब्रेक लाइट लागतो का? आणि तो मध्येच थांबला तेव्हा बटण तू बंद केलं होतंस की चालूच होतं?

बी-४०३: काका, बटण चालूच होतं. फ्यूज गॅरेजमध्ये काढून दाखवला, निळा १५ अँपिअरचा, चांगला आहे. दिव्यांचं बघून सांगते.

ए-१०२ काका: तोवर एक सांगतो, नीट वाच. मी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत इलेक्ट्रिकल विभागात होतो, वायपरच्या मोटरी खूप उघडल्यात. आपण वायपर बंद करतो तेव्हा मोटर तिथल्या तिथे थांबत नाही. आत दातेरी चाकाबरोबर एक चकती फिरते आणि तिच्यावर बारीक पट्ट्या टेकलेल्या असतात. बटण बंद केलं तरी त्या पट्ट्यांतून वीज चालू राहते आणि वायपर खाली आपल्या जागेवर आला की मगच तुटते. म्हणजे बटण बिघडलं असतं तर तुझा वायपर खाली येऊन बसला असता. तो मध्ये उभा आहे, म्हणजे दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या. असं फ्यूज गेला, अर्थची वायर (वीज बॅटरीकडे परत नेणारी) तुटली, दुसरी वायर तुटली किंवा मोटर जाम झाली तरच होतं. फ्यूज चांगला आहे. मोटर जाम झाली असती तर बटण दाबल्यावर गुणगुण तरी ऐकू आली असती, किंवा फ्यूज उडाला असता. माझा संशय वायरवर आहे.

ए-१०२ काका: आणि तो हाताने ढकलून खाली आणू नका. मोटरच्या आत वर्म गिअर असतो. मोटर त्याला फिरवते, पण उलट बाजूने तो फिरत नाही. जोर केला तर आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते तुटतील आणि मग ७,२०० खरंच द्यावे लागतील.

सी-१०५: बापरे, मी नेहमी हातानेच सरकवतो 😮

शुक्रवार

बी-४०३: काका, नंबर प्लेटचा दिवा आधी लागलाच नाही. मग डिकी उघडली तर लागला! ब्रेक लाइटचंही तसंच, यांनी ब्रेक दाबून धरला होता, डिकी वर करताना मध्येच पेटला आणि पूर्ण वर नेल्यावर पुन्हा गेला.

ए-१०२ काका: सापडलं. डिकी वर करताना वरच्या बिजागरीजवळ बॉडीतून डिकीत जाणारी एक काळी रबरी नळी दिसते, घड्या घड्या असलेली. डिकीच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दर वेळी डिकी उघडली की त्या वाकतात. दिवसाला चार वेळा धरलं तरी १३ वर्षांत एकोणीस हजार वेळा झालं. तांबं तुटणारच.

बी-४०३: पण मग गॅरेजवाल्याच्या मीटरवर १२ व्होल्ट कसे आले? मी स्वतः बघितले. वीज येतेय, म्हणजे मोटरच गेली असं तो म्हणाला.

ए-१०२ काका: मीटरची दोन टोकं कुठे लावली होती, आठवतंय? आणि डिकी उघडी होती का?

बी-४०३: लाल टोक मोटरच्या कपलरमध्ये (वायरी मोटरला जोडायच्या प्लगमध्ये), काळं टोक खाली गाडीच्या बॉडीच्या बोल्टला. डिकी पूर्ण उघडी.

ए-१०२ काका: म्हणजे वीज येण्याची वाट तपासली आणि परत जाण्याची तपासलीच नाही. मोटरला दोन्ही लागतात. काळं टोक कपलरमधल्याच अर्थच्या वायरला लावायला हवं होतं. दुसरं म्हणजे मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही. वायरीची तुटकी, गंजलेली टोकं नुसती टेकत असली तरी तो निवांत १२ दाखवतो. मोटर चालवायला तेवढ्या टेकण्यात दम नसतो. म्हणून आम्ही मीटरवर विसंबत नसू, बल्ब लावत असू.

ए-१०२ काका: रविवारी सकाळी ९ ला गाडी बाहेरच्या बाजूला लावून ठेवा. मी माझी पेटी घेऊन येतो. नाना पेठेत, गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात, कुणी जाणार असेल तर १ चौरस मिमीची लवचिक वायर तीन मीटर (दोन रंगांत) आणि श्रिंक स्लीव्ह (तापवली की वायरीवर आवळून बसणारी नळी) आणावी. घरात लावायची कडक वायर नको.

ए-५०४: मी उद्या जातोच आहे तिकडे, आणतो. काका, माझी पण बघाल का?

ए-१०२ काका: तुझ्या गाडीत काचेवर पाणी कुठून उडतं? वरच्या कडेच्या नोझलमधून की वायपर जिथून फिरतो त्या दांड्याच्या टोकातून?

ए-५०४: दांड्यातून.

ए-१०२ काका: मग तुझं दुखणं वेगळं. त्या रचनेत पाण्याची बारीक नळी मोटरच्या दांड्याच्या पोटातून जाते. आतलं सील कडक झालं की प्रत्येक वेळी पाणी मारलं की थोडं मोटरमध्ये उतरतं. तू नवीन मोटर बसवलीस, पण पाणी तसंच येत राहिलं असेल. डिकीचं आतलं कव्हर काढून मोटरचं कपलर सोड आणि आत ओल किंवा हिरवट गंज आहे का ते सांग.

ई-३०१: पार्किंगमध्ये काम करताना कृपया लिफ्टसमोरची जागा मोकळी ठेवावी 🙏

रविवार

बी-४०३: काम झालं!! वायपर चालतोय!! सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच जणांच्या गाड्या जुन्या आहेत.

काकांनी आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडलं. डिकीला लाकडी दांडा टेकवून ठेवला, कारण आमचे डिकीचे शॉकर थकलेत आणि ती डोक्यावर येऊ शकते. मग रबरी नळीची दोन्ही टोकं हाताने दाबून बाहेर काढली आणि नळी मागे सरकवली. बाहेरून नळी अगदी धड होती. आत नऊ वायरी. अर्थची जाड काळी वायर पूर्ण तुटलेली, दोन्ही टोकं नुसती एकमेकांना टेकत होती. मोटरला वीज नेणारी वायर अर्धवट, गंजलेली टोकं कशीबशी टेकत होती. आणखी एकीचं फक्त वरचं आवरण फाटलं होतं.

जोडायच्या आधी काकांनी मला प्रयोग करून दाखवला. बॅटरीचं टोक तेवढ्यापुरतं परत लावलं. अर्धवट वायरीवर मीटर १२.३ दाखवत होता. त्याच ठिकाणी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब लावला तर तो नुसता लालसर झाला. माझा मुलगा सातवीत आहे, त्यालाही कळलं.

ए-१०२ काका: पोरगा हुशार आहे. प्रश्न चांगले विचारतो.

बी-४०३: जोड देताना काकांनी वाकणारा तुकडाच कापून टाकला आणि तिथे नवीन लांब वायर घातली. जोड नळीच्या बाहेर, एक बॉडीच्या बाजूला आणि एक डिकीच्या बाजूला, आणि सगळे एका रांगेत न ठेवता पुढे-मागे. डाख दिला (सोल्डरिंग केलं), वर श्रिंक स्लीव्ह तापवून बसवली.

सी-१०५: नुसती काळी टेप गुंडाळली तर चालत नाही का?

ए-१०२ काका: उन्हात टेपचा गोंद सुटतो, मग पावसाचं पाणी आत जातं. आणि डाख दिलेली जागा कडक होते, ती वाकणाऱ्या भागात आली तर शेजारीच नवीन तुटेल. म्हणून जोड नळीच्या बाहेर. तसंच कुणी वायर न बघता १५ च्या जागी ३० चा फ्यूज घालू नका. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते.

बी-४०३: एवढं होऊनही वायपर आधी सावकाश चालत होता. काकांनी टोपी काढून नट सोडला, वायपरचा हात उतरवला. दांड्यावर गंज होता. तो घासला, गंज सोडवायचं तेल मारलं, पंधरा मिनिटं थांबलो, मग ग्रीस. आता पहिल्यासारखा. शिवाय १२ इंची नवीन रबर बसवलं, जुनं कडेला चिरलं होतं. नंबर प्लेटचा आणि ब्रेकचा दिवाही लागले. दोन वर्षांनी गाडीची १५ वर्षं भरतील आणि आरटीओत फिटनेस तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा ते बघतातच.

वायर, स्लीव्ह, रबर मिळून ४१० रुपये. काकांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. काका, मनापासून सांगते, पैसे वाचले त्यापेक्षा मला घाटाची धास्ती राहिली नाही याचं समाधान जास्त आहे.

ए-१०२ काका: अगं, त्यात काय. निवृत्त झाल्यापासून पेटी पहिल्यांदाच नीट उघडली गेली. गॅरेजवाल्यालाही जाऊन सांग काय निघालं ते, पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोग होईल. नाव इथे टाकू नकोस.

बी-४०३: हो, उद्याच जाते.

डी-२०१: माझ्या डिकीत रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र अधूनमधून जातं. तेही यामुळे?

ए-१०२ काका: कॅमेरा डिकीवर असेल तर त्याची वायर त्याच वाटेने जाते. डिकी उघडी ठेवून नळी हाताने हलवा आणि कुणाला तरी पुढे चित्राकडे बघायला बसवा.

ए-५०४: काका, कव्हर काढलं. कपलर सोडल्यावर तपकिरी पाणी निघालं, चमचाभर तरी असेल. पिना हिरव्या झाल्यात.

ए-१०२ काका: बघ. मोटर उघडून आत किती गंजलंय ते पाहू, कार्बन (मोटरच्या आत वीज पोचवणारे ब्रश) शाबूत असले तर वाचेल. आजपासून मागचं पाणी अजिबात मारू नकोस. सील मिळालं तर उत्तम, नाहीतर नळी दांड्यातून काढून वर वेगळं नोझल बसवू. पुढच्या रविवारी ९ वाजता. टॉर्च तू आण, माझ्याचे सेल गेलेत.