पॅडलबोर्डवरचा पहिला तास: तुमचा अनुभव सांगा

नाशिककरांनो, डिसेंबरात आम्ही मालवणजवळच्या देवबागला चाललोय. मी, नवरा, १३ वर्षांची लेक आणि माझी आई. जिथे उतरणार आहोत तिथल्या काकूंनी फोनवर सांगितलं की कर्लीच्या खाडीत सकाळी पॅडलबोर्ड (लांब फळीवर उभं राहून वल्हं मारायचं) शिकवतात, तासाभराचा धडा असतो. लेकीने लगेच नाव घातलं. मलाही करायचंय. फोन ठेवला तर शेजारी भाजी निवडत बसलेली आई म्हणाली, "मला घेतील का गं?"

आई ६२ वर्षांची आहे. पोहता येत नाही. जन्म पंचवटीतला, गंगा म्हणजे गोदावरी दाराशी, पण पाण्याशी संबंध रामकुंडात पायरी न सोडता तीन डुबक्या मारण्याइतकाच. तिच्या लहानपणी मुलगे पुलावरून उड्या मारायचे आणि मुली घाटावर धुणं घेऊन बसायच्या. तिने आजवर पाण्यातलं असं काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मला हे नीट करायचंय.

व्हिडिओ पुष्कळ पाहिले. त्यात सगळे आधीच उभे असतात. मला उभं राहण्याआधीची पंधरा मिनिटं हवी आहेत. गुडघ्यांना काय होतं, पडल्यावर परत वर कसं येतात, पोहता न येणाऱ्याला कितपत जमतं, कुठे चुकलात. गोवा, केरळ, बाली, कुठेही शिकला असाल तरी चालेल. सविस्तर लिहा.

गंगापूर रोड, शिक्षिका

आम्ही चार मैत्रिणी बालीला सानूरच्या किनाऱ्यावर शिकलो. तिथे बाहेर प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावरच फुटतात आणि आतलं पाणी परातीतल्यासारखं असतं. पहिली वीस मिनिटं आम्ही पाण्यात गेलोच नाही. बोर्ड वाळूवर ठेवला, खालच्या फिनसाठी (तळाच्या पात्यासाठी) खड्डा केला, आणि त्यावर गुडघे टेकायचे, एक पाऊल, दुसरं पाऊल, मग उठायचं. असं दहा वेळा. तेव्हा वेळ फुकट चाललाय असं वाटलं होतं, पण पाण्यात गेल्यावर शरीराला तेवढंच आठवलं.

बोर्डच्या मधोमध उचलायची मूठ असते. पावलं तिच्या दोन बाजूंना, खांद्यांएवढं अंतर ठेवून, बोटं समोर. एक पाय पुढे टाकून उभं राहायचा मोह होतो, तो टाळायचा. उठताना घाई नको आणि फार रेंगाळायचंही नाही. अर्धवट वाकून विचार करत राहिलं की बोर्ड हलतोच.

वल्ह्याबद्दल मुद्दाम लिहिते. त्याचं पातं दांड्याशी सरळ नसतं, किंचित वाकलेलं असतं. हाताला वाटतं की चमच्यासारखी खोलगट बाजू आपल्याकडे हवी. खरं तर तो वाक बोर्डच्या पुढच्या टोकाकडे हवा. चौघींपैकी तिघींनी उलटं धरलं होतं. आणि वल्ह्याची उंची आधीच करून घ्या: शेजारी उभं धरून हात वर केला की वरची मूठ मनगटाशी आली पाहिजे. आखूड वल्हं घेऊन तासभर वाकून राहिलात तर दुसऱ्या दिवशी कंबर बोलते.

सिडको

पाळोळे, गोवा. मी सायकलवाला माणूस. २०१५ साली आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्या वर्षी माझ्यासारख्या पुष्कळ नाशिककरांनी सायकल बाहेर काढली. तोल आपल्याला येतो असं मी धरून चाललो होतो.

पण सायकलचा तोल वेगात असतो आणि इथे वेग नसतोच. तरी एक गोष्ट सारखी निघाली. सायकल शिकताना वडील मागून ओरडायचे, "चाकाकडे बघू नको, रस्त्याकडे बघ." मी बोर्डवर पायांकडे बघत होतो आणि पडत होतो. शिकवणाऱ्या पोराने समोरच्या बेटावरचं एक झाड दाखवलं आणि म्हणाला, त्याच्याशी बोल. झाडाकडे बघत वल्हं मारलं आणि बोर्ड स्थिर झाला. वल्हं पाण्यात असताना तोही एक आधारच असतो. हात थांबवून नुसतं उभं राहणं सगळ्यात अवघड.

तळपाय वळतात, हे कुणी सांगत नाही. पायाची बोटं बोर्डला धरून ठेवायला जातात. अधूनमधून मुद्दाम बोटं उचलून हलवायची.

कॉलेज रोड, वय १९

पडायला शिकवतात का, ते आधी विचारा. मला कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा पडताना मी बोर्डलाच धरायला गेले आणि हनुवटी आपटली. नंतर कळलं की बोर्डपासून लांब, बाजूला, अंग पसरून पडायचं. पाय खाली सोडून उडी मारायची नाही, कारण खाली कमरेएवढंच पाणी आणि त्यात दगड असू शकतात. वल्हं हातातून सोडायचं नाही.

परत वर यायची रीत: बोर्डच्या बाजूला यायचं, मधली मूठ धरायची, पाय मागे पाण्यावर आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. हातांच्या जोरावर चढायला गेलं की बोर्ड उलटतो. हे मी आईंसाठी लिहितेय. त्यांना उभं राहण्याआधी हे एकदा करायला लावा, म्हणजे भीती निम्मी होईल.

येवला

माझा अनुभव चांगला नाही, पण लिहायला हवा.

आम्ही नवीन लग्न झालेले, मालदीवमधल्या एका बेटावर. सकाळी धडा झाला, दुपारी बोर्ड मोकळे होते. पाणी अगदी शांत. मी एकटाच निघालो. दहा मिनिटांत एवढा पुढे गेलो की मला वाटलं, जमलं आपल्याला! वळलो आणि कळलं की मला जमलेलं नव्हतं, वारा मला ढकलत होता. वारा बेटावरून समुद्राकडे वाहत होता. अशा वेळी किनाऱ्याजवळचं पाणी झाडांच्या आडोशाने सपाट दिसतं, त्यामुळे फसायला होतं. उभा माणूस म्हणजे शीडच. वल्हं मारतोय आणि किनारा तिथेच.

मी येवल्याचा. संक्रांतीचे तीन दिवस आम्ही गच्चीवरून उतरत नाही. हातात आसारी (मांजाची चक्री) घ्यायच्या आधी पोरगं वाऱ्याकडे बघतं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. आणि मी पाण्यावर जाताना एकदाही वर बघितलं नाही. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो, कारण बायको किनाऱ्यावर उभी होती आणि मला तिचा चेहरा दिसेनासा झाला होता.

दोन गोष्टींनी वाचलो. एक, बोर्डची दोरी पायाला बांधलेली होती, त्यामुळे पडलो तरी बोर्ड हातचा गेला नाही. बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही, तोच आपला तराफा. दुसरं, सकाळी शिकवलेलं आठवलं: वारा लागला की आधी गुडघ्यावर, तरी जमेना तर पोटावर झोपायचं, वल्हं बोर्डच्या लांबीत ठेवून छातीखाली दाबायचं आणि हातांनी पाणी मारायचं. तसं करत वीसेक मिनिटं जागेवर टिकून राहिलो, मग त्यांची बोट आली.

आता मी जाताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो. म्हणजे थकल्यावर वारा घरी आणतो.

नाशिकरोड

बायकांसाठी थोडक्यात. माझं वजन ८४ किलो. फोनवर विचारलं तेव्हा मी कमी सांगितलं, आणि मला लहान बोर्ड मिळाला. तो पाण्यात बसायचा आणि डुलायचा. मला वाटलं दोष माझाच. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं तर साडेअकरा फूट लांब आणि ३४ इंच रुंद बोर्ड दिला आणि मी तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिले. नवशिक्यांनी ३२ इंचांहून अरुंद बोर्ड घेऊच नये. हवेचा असेल तर अंगठ्याने दाबून बघा, फळीसारखा कडक लागला पाहिजे. मऊ लागला तर हवा भरून मागा, लाजू नका.

कपडे: पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि गुडघ्यापर्यंतची लेगिंग. ओढणी, सैल सलवार नको. भिजली की पायांत येते.

चांदवड

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर यायचा. खोल पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते विहिरीत, आणि तेही तळाशी. आमच्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरले आणि तेरावे आले, तेव्हा गावात सगळे एकच विचारत होते, की आपल्यातला माणूस पाण्यावर कसा काय?

मी केरळात मन्रो बेटाच्या कालव्यात शिकलो, चाळिशीत, पोहता येत नसताना. तिथल्या दादांनी आधी मला लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात उताणं पडायला लावलं. "सोड, स्वतःला सोड" म्हणत राहिले. जॅकेटने मला वर धरलं आणि कान पाण्यात गेले, तेव्हा जी शांतता ऐकली ती शब्दांत सांगता येत नाही. त्यानंतर बोर्डवर गुडघ्यावर बसून अर्धा तास फिरलो. उभा राहिलो शेवटची पाच मिनिटं. सूर्य नारळीच्या मागून वर येत होता आणि मी पाण्यावर उभा होतो. आई आज हवी होती, एवढंच मनात आलं.

ताईंना माझं सांगणं: जॅकेट फोमचंच घ्या, आणि छातीचे, कमरेचे पट्टे ओढून बघा. खांद्यांना धरून वर उचललं तर कानांपर्यंत सरकता कामा नये. जमलं तर जाण्याआधी आठ दिवस आईंना त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर उथळ बाजूला नेऊन तोंड पाण्यात घालायची सवय करा.

गंगापूर गाव

परत आल्यावर हवेचा बोर्ड विकत घेऊन धरणावर निघणाऱ्यांसाठी लिहितो, कारण दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतं. गंगापूरचं पाणी शहर पितं. जिथे बोटिंगला परवानगी आहे तिथेच, विचारून उतरा. काठाला गाळ असतो, गुडघाभर पाय जातो. बुडालेल्या बाभळी असतात, मासेमारीची जाळी असतात.

आणि वाहत्या नदीत पायाला दोरी बांधून कधीच उतरू नका. समुद्रात, तलावात जी दोरी जीव वाचवते, तीच नदीत फांदीत अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. नदीसाठी कमरेला लावायचा, एका ओढीत सुटणारा पट्टा असतो. पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे आपण बघायला जातो, ते पुलावरूनच बघावं.

इंदिरानगर, माहेर मालवण, सासर नाशिक

ताई, देवबागचं मी सांगते. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. धडा खाडीच्या बाजूला घ्या आणि संगमापासून लांब. सकाळी मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे असतात. मंदच असतात, पण त्याच वेळी ओहोटी लागली असेल तर वारा आणि पाणी दोन्ही तुम्हाला बाहेर ओढणार. दुपारी खारे वारे उलटे येतात, पाणी खवळतं, तेव्हा नवशिक्यांनी जायचंच नाही.

भरती काढायची आमच्या आजोबांची रीत: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. दशमीला साडेसात. थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून तिथल्या होडीवाल्यांना विचारायचंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. आईंना न्यायचं तर अष्टमी ते दशमी बघा, आणि भरती पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधी उतरा.

पुन्हा मी, देवबागहून आल्यावर

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा बदलल्या आणि दशमी गाठली. आईला तीन वेळा तलावावर नेलं. पहिल्या दिवशी ती दांडी सोडेना. तिसऱ्या दिवशी तिने नाक धरून तोंड पाण्यात घातलं आणि वर येऊन माझ्याकडे बघून हसली.

सकाळी सातला खाडीवर. लेक पाच मिनिटांत उभी राहिली. मी चारदा पडले, पाचव्यांदा उभी राहिले, समोरच्या काठावरच्या माडाकडे बघत. खरंच बोर्ड थांबतो.

आईला शिकवणाऱ्या मुलाने आधी उताणं पडायला लावलं, मग एकदा मुद्दाम बोर्डवरून पाडलं. मूठ, पाय मागे, पोटावर. तिला एकटीला चढता आलं नाही, त्याने जॅकेटला धरून ओढून घेतलं. त्यानंतर ती गुडघ्यावर बसली आणि तासभर उठली नाही. गुडघ्यांखाली आम्ही टॉवेल दुमडून दिला होता, तरी दुखले असणार. मुलगा दोनदा म्हणाला, "मावशी, उभ्या रहायचं?" ती म्हणाली, "नको रे बाबा, मला इथून सगळं दिसतंय." वल्हं आखूड करून दिलं होतं, ते ती दोन्ही बाजूंनी मारत होती, आधी पाणी उडवत, मग आवाज न करता. एकदा खाडीच्या बरंच आत गेली. मी हाक मारली तर तिने मागे वळून न बघता नुसता हात वर केला.

दुसऱ्या दिवशी एकादशी, तिचा उपास. आमचं काही ठरलेलं नव्हतं. साडेसहाला उठून बाहेर आले तर आई कालचीच लेगिंग घालून, केस घट्ट बांधून ओट्यावर बसली होती.