खाडीवरचे वेडर (चिखलात चरणारे पाणपक्षी): 600 मिमी लेन्स असूनही फोटो सॉफ्ट (धूसर) का?

खाडीकाठ: दुपारी 1 ते 4, ऐन ओहोटी. 600 मिमी, एफ/6.3, 1/2000, ट्रायपॉड. पक्षी शंभर-दीडशे मीटरवर. फोकस डोळ्यावर लागतो, पण पिसं सुटी दिसत नाहीत. डोक्यावरून उडणारे मात्र शार्प येतात. चकाकत्या पाण्यातला रेडशँक (लाल पायांचा वेडर) तर काळाठिक्कर. लेन्स कॅलिब्रेट करावी का?

ओलीवाळू: लेन्सला हात लावू नका, उडते पक्षी शार्प येतात ना! तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, दोष तिचा. शटर कितीही वाढवा, प्रकाश वाटेतच वाकलेला असतो. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं चित्र) 10 पट मोठा करून स्थिर उभ्या पक्ष्याचे पाय बघा. नागमोडी हलताना दिसले, तर हेच कारण. अशा वेळी चिखलाला टेकून लो अँगल घेतलात तर आणखी बिघडतं, कारण सगळ्यात तापलेला थर तिथेच असतो. तो हट्ट उन्हं उतरल्यावर करा. इलाज एकच, अंतर कमी करणं. आणि ते आपण चालत जाऊन नाही, भरतीने करायचं.

भांगउधाण: वेळच चुकली आहे. भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर बसा. पाणी चढेल तसे पक्षी चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यावर, म्हणजे तुमच्याकडे सरकतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. अमावास्येला दुपारी 12 वाजता असेल तर चार-पाच दिवसांनी साडेतीन-चारला येईल. दुपारसाठी तेच दिवस धरा. अगदी भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, कमी चढणारी) भरती नको, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी लांबच राहतात. भरतीच्या कोष्टकातली वेळ बंदराची असते. खाडीत जितकं आत, तितकी भरती उशिरा. बसायचं पश्चिमेच्या काठावर, म्हणजे ऊन पाठीशी येतं.

टिपणवही: काळ्या रेडशँकबद्दल. चकाकतं पाणी कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +0.7 ते +1 द्या. उलट काळ्या चिखलावर शेकाट्या (लांब पायांचा काळा-पांढरा वेडर) असेल तर −0.7, नाहीतर पांढरं पोट जळतं. चरणाऱ्याला 1/1000 पुरतं, उडत्याला 1/2500. थव्यासाठी मेकॅनिकल शटर ठेवा. सेन्सर हळू वाचणाऱ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने पंख वाकडे येतात. उडताना एक फ्रेम पाठीकडून घ्याच: रेडशँकच्या पंखांची मागची कड रुंद पांढरी, ग्रीनशँकला (हिरवट पायांच्या वेडरला) ती नसते, पण पाठीवर पांढरी पाचर चढलेली असते.

ओलीवाळू: एक राहिलं. भरतीला थवा एका पायावर झोपलेला असतो, तेव्हा पुढे सरकू नका. माना वर झाल्या, चरणं थांबलं, की दोन पावलं मागे. पाणी उतरायला लागलं तरी चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. आणि चढत्या पाण्यात तुमच्या मागची नाळ (चिखलातला पाण्याचा ओघळ) आधी भरते, परतीची वाट बंद होते.

खाडीकाठ: भरती ओसरताना थांबण्यात अर्थ आहे का?

भांगउधाण: आहे, पहिला तासभर. भुकेले पक्षी उघड्या पडणाऱ्या पहिल्याच पट्ट्यावर उतरतात. घरी गेल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा. मिठाने आतले लॉक धरतात.